मान दुसऱ्याच्या हातात

“सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी,” डॉक्टर एमआरआयच्या फिल्मवर पेन टेकवून म्हणाले. म्हणजे मानेच्या मणक्यांमधली चकती सरकलीय आणि हाताकडे जाणारी नस दाबतेय. मग त्यांनी विचारलं, “घरी कुणी मालिश वगैरे केलं का?”

माझ्या नणंदेनं, आमच्या अक्कांनी, मोठ्या ऐटीत सांगितलं, “मी लाथ मारली.”

अक्का पायाळू. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाची हलकी लाथ बसली की उसण पळते, असं तंजावूरच्या आमच्या मराठी घरांत मानतात आणि तमिळ शेजाऱ्यांतही. कुणाची पाठ धरली की अख्खी गल्ली अक्कांच्या दारात. माझी मान धरली तेव्हा मी आपणहून भिंतीकडे तोंड करून खाली बसले होते. दुसऱ्याच दिवशी कॉफीचा टंबलर हातातून सुटला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “लाथेमुळंच झालं असं नाही, चकती आधीपासून सरकत असणार. पण अम्मा, मानेला पुन्हा कुणाचा पाय नको. काही आठवडे औषध आणि फिजिओथेरपी. पकड सुधारली नाही तर ऑपरेशन.”

ऑपरेशनची धास्ती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. माझी लेक रम्या बाळंतपणाला घरी आलेली, दिवस भरत आलेले. बाळाला तेल लावून, पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं ते आमच्यात आजीनं. ज्या हातात टंबलर राहत नाही, त्यातून बाळ निसटलं तर?

रम्याला मी काही बोलले नाही. तिनं मात्र एकदा माझ्या हातातलं सांबाराचं पातेलं गुपचूप काढून घेतलं. आग लागो त्या मानेला, असं झालं मला.

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी बोटं दाबून बघायची. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बधिर. कालच्यापेक्षा जास्त की कमी? काही कळायचं नाही, नुसता जीव टांगणीला.

सेल्वी नावाच्या थेरपिस्टनं मला उताणं झोपवलं आणि दोन्ही तळवे डोक्याखाली घातले. बस्स. ओढणं नाही, कडकड नाही. याला मॅन्युअल थेरपी म्हणतात, म्हणजे हातांनी हळूहळू स्नायू सैल करणं. मनात म्हटलं, अय्यो, लाथेनं गेलं नाही ते असं कुरवाळून जाणार?

“अम्मा, डोकं तुम्हीच धरून ठेवलंय. मला द्या.”

“दिलंय की!”

तिनं तळवे जरा खाली घेतले. माझं डोकं अधांतरी तसंच!

ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता मला रडूच फुटलं. बाळ, टंबलर, पातेलं, सगळं सांगून टाकलं. तिनं हात काढले नाहीत. बोलता बोलता मान कधी सैल पडली, माझं मलाच कळलं नाही. त्या दिवशी हातातली कळ पहिल्यांदा खांद्याकडे मागं सरली. हे चांगलं लक्षण, असं सेल्वी म्हणाली.

एका बैठकीत चमत्कार झाला नाही. मधे दुखणं वाढलंही, आणि मी घाबरून सगळ्यांवर खेकसले. ज्यांच्या हाताला मुंग्या येतात त्यांना एवढंच सांगते, कुणाच्या हाती मान द्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशन टळलं. पकड आली, तर्जनी मात्र अजून बधिरच. नातू झाला. पहिल्या न्हाणाला मी अक्कांना म्हटलं, “तुम्हीच घाला, मला माझा भरवसा नाही.”

रम्यानं ऐकलं. “तूच घाल, आई. मी खाली हात धरते.”

पाणी कढत नाही ना, हे मी डाव्या कोपरानं बघितलं. बाळानं टाहो फोडला. त्याची मान तळव्यावर घेतली, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं.

जरा वेळानं बघते तर रम्याचा हात खाली नव्हताच. ती केव्हाच बाजूला जाऊन पंचा उलगडत बसली होती.