खंडेनवमीची बंदूक

आधीच सांगून ठेवते, तो व्हिडिओ गेम माझा होता. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात आमचे हे, म्हणजे राजवर्धन, पलटणीतून सुटीवर आले तेव्हा त्यांनी तो दिल्लीहून खास माझ्यासाठी आणला. मी सांगलीची, बारावी झालेली. लग्न करून औंधजवळच्या या गावात आले, तर संध्याकाळी बघायचं काय? समोर यमाईचा डोंगर आणि बाजूला शेजारणीचं तोंड. "तुला करमेल," म्हणाले, आणि सुटी संपवून निघून गेले. आता माझी वस्तू माझ्या हातात चार दिवस तरी टिकायला नको का? नाही टिकली. सासऱ्यांनी घेतली.

सासऱ्यांचं नाव लालासाहेब. पण गावात त्यांना सगळे हवालदारच म्हणतात, मी मामंजी. चोवीस वर्षं फौजेत काढून घरी आले त्याला पाच वर्षं झाली होती, तरी फौज काही अंगातून गेली नव्हती. अंथरुणाची घडी अशी घालायचे की कोपऱ्याला कोपरा जुळला पाहिजे. चहा पत्र्याच्या मोठ्या मगातूनच. आणि ऊठसूट "फौरन". "जेवण वाढा, फौरन." "मोटार चालू करा, फौरन." म्हशीला पाण्यावर नेतानासुद्धा "चल, फौरन!" म्हैस आपली तिच्या सोयीनं चालायची. कपाटात एक कप होता, पलटणीत नेमबाजीत पहिले आले तेव्हाचा. तो फक्त तेच पुसायचे. मी लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्याला फडकं लावलं, तर मागून आवाज आला, "ऱ्हाऊ दे पोरी, त्येला माझ्या हाताची सवय हाय."

तर तो गेम. एक करडा डबा, वर झाकण, झाकणाखाली कॅसेट खोचायची खाच. खोक्यावर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. मी मोजले. अकरा निघाले, बाकी सगळे तेच, नुसते रंग बदललेले. लबाड कुठले! कॅसेट काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, परत खोचायची, मग कुठं चित्र यायचं. टीव्हीची अँटेनाची वायर काढून तिथं डब्याची लावायची आणि चित्र सापडेपर्यंत चॅनेलची चकती फिरवत बसायचं. त्यातून शिवारात विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की लाइट मंद व्हायची आणि पडदा चहूबाजूंनी आत आत यायचा. डब्याला दोन चपटे रिमोट होते, त्यावर दोन दोन बटणं. आणि एक बंदूक. काळी, प्लास्टिकची, नारंगी घोड्याची, वायरीनं डब्याला जोडलेली.

ती बंदूक मामंजींनी बघितली आणि संपलंच. पडद्यावर झुडपातून पाखरं उडायची, बंदूक रोखून घोडा दाबला की पाखरू गिरक्या घेत खाली पडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी दहातली नऊ पाडली. मग बंदूक उलटीपालटी करून बघितली. "गोळी तर न्हाई. वायर डब्यात जाती, टीव्हीत न्हाई. मग पाखरू मरतं कसं?" मला विचारलं, मला काय माहीत? आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मरतं न्हवं? मग झालं तर!" शेवटी त्यांनी मुलाला पत्र टाकलं.

आमचे हे फौजेत सिग्नलमध्ये, वायरलेसच्या कामावर. त्यांचं दोन पानी उत्तर आलं, त्यात माझ्यासाठी दीड ओळ. बाकी सगळी बंदूक. ती काही सोडत नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि पाखरू असेल तेवढ्याच जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीत आत भिंग आहे, त्याच्या मागं उजेड ओळखणारा एक बारीक भाग. त्याला पांढरं दिसलं तर पाखरू पडलं, काळं दिसलं तर नेम चुकला. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

मामंजींनी ते पत्र तीनदा मोठ्यानं वाचलं. "म्हंजे हिला जागा कळती! पाखरू कुठं हाय त्ये हिला दिसतं. आगं, नेम म्हंजे तरी दुसरं काय असतं? मारायचं मागनं, आदी बघायचं." त्या दिवसापासून ती बंदूक त्यांच्या लेखी खरी झाली.

आणि तिचं कामही निघालं. शिरवळला एका कारखान्याला बंदूकधारी रखवालदार हवे होते. एक निवृत्त कॅप्टन माणसं निवडणार होते. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी मैदानावर पाच गोळ्या झाडून दाखवायच्या. मामंजींनी अर्ज केला. आत्याबाई म्हणाल्या, "घरचं रान हाय, विहीर हाय, कशाला जाताय?" तर म्हणाले, "साळू, मी इथं गंजतोय गं. ह्या हाताला एकच काम धड येतंय, त्ये तरी करू दे." मला त्यांचं तेव्हा वाईट वाटलं. पण पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ते टीव्हीपुढं उभे, "डावीकडून पाखरू, तैयार!" आणि माझा रिमोट दिवाणावर धूळ खातोय, तेव्हा सगळी कणव गेली. माझ्या खेळातला माणूस सातव्या किल्ल्यापर्यंत पोचला होता हो!

खंडेनवमीला मामंजींनी हत्यारं पाटावर मांडली. कोयते, विळे, कुदळ, मोटारीचे पाने, सगळं घासूनपुसून ओळीनं. आणि सगळ्यांच्या पुढं ती बंदूक.

"आवं, त्ये खेळणं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"नळी हाय, घोडा हाय, नेम हाय. मग आनि काय पायजे? बंदूक घरात असताना नुसतं कोयतं पुजायचं व्हय?"

आत्याबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून पूजा मी केली. वाटीत हळद-कुंकू पाण्यात चांगलं सरबरीत कालवलं होतं. कोयत्याला एक बोट, विळ्याला एक बोट. बंदुकीपाशी आले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, घे बाई, तुझाच मान मोठा! नळीच्या तोंडावर चांगलं थबथबून थापलं आणि वरून झेंडूचं फूल नळीत खुपसलं. मामंजी लांबून बघत होते. त्यांना वाटलं, सुनेला केवढी भक्ती.

दसऱ्याला संध्याकाळी मंडळी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं, तशी मामंजींनी डबा लावला. त्यांचे जुने दोस्त तात्याबा म्हणाले, "दाव की हवालदार, कसं मारतोयस." मामंजी ताठ उभे राहिले, नळीतलं फूल काढून बंदूक रोखली, घोडा दाबला. पाखरू उडून गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. लाइट मंद असेल म्हणून थांबले, पडदा बघितला, चांगला भरलेला होता. कॅसेटला फुंकर मारून झाली. परत दहा पाखरं, दहाही गेली. तात्याबांच्या मनात काही वाईट नव्हतं, माणूस साधा. ते म्हणाले, "डोळं तपासून घे गड्या. आता आपलं वय झालं."

मामंजी हसले. पण ते हसणं मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंदूक खोक्यात गेली. मामंजी ओट्यावर बसून एक डोळा झाकून डोंगरावरच्या देवळाचं शिखर बघायचे, मग दुसरा झाकून. पेपर हात लांब करून धरायचे, परत जवळ आणायचे. "फौरन" बंद झालं. म्हैस न बोलावता उठून त्यांच्या मागं पाण्यावर जायला लागली, एवढं तिलासुद्धा कळलं. मी आनंदात रिमोट हातात घेतला, आठवा किल्ला काढला, आणि खरं सांगते, जरासुद्धा मजा आली नाही. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी शिरवळला पाठवायचं कार्ड लिहिलं. तब्येतीच्या कारणानं येऊ शकत नाही. ते खिशात ठेवून म्हणाले, "उद्या पेटीत टाकतो."

त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. मी बंदूक काढली. मला कधी एक पाखरू पाडता आलं नव्हतं, म्हणून म्हटलं, काचेला टेकवूनच मारावी, बघू तरी. टेकवली, पाखरावरच टेकवली, घोडा दाबला. चुकली! टेकवून मारल्यावर कुणी चुकतं का? परत टेकवली, परत चुकली. आणि तेव्हा मला ते पत्र आठवलं. ती सोडत नाही, बघते. मी बंदूक घेऊन अंगणात उन्हात आले आणि नळीत डोकावले. आत भिंगभर लाल लाल वाळलेलं कुंकू आणि त्यावर झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

काडीला ओला कापूस गुंडाळून सगळं पुसून काढलं. पुन्हा काचेला टेकवली, पाखरू धप्पकन पडलं. आता कुणाला न सांगता हे निस्तरता येईल असं मला वाटलं. आत्याबाई शेजारून परतल्या, मामंजी रानातून आले, तशी म्हटलं, "आवं मामंजी, एकदा मारून तर बघा."

"नको पोरी. ग्येलेलं परत बघायची हौस न्हाई."

त्यांचा हात खिशातल्या कार्डावर होता. मग मात्र माझ्यानं राहवेना. तो लाल कापूस मी त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! काय केलंस ह्ये!"

मामंजी कापसाकडे बघत राहिले. "मुद्दाम घातलंस?"

"कुंकू मुद्दाम घातलं. ती आंधळी होईल हे नव्हतं माहीत."

"पर का गं?"

"तुम्ही माझा गेम घेतला म्हणून!" आणि मी भोकाड पसरलं. एकवीस वर्षांची बाई, सासऱ्यासमोर, लाज म्हणून नाही.

मामंजींनी बंदूक उचलली, नळीत बघितलं आणि ते उभे राहिले. मी डोळे पुसत डबा लावला. पहिलं पाखरू पडलं. दुसरं पडलं. दहाच्या दहा पडली. मग ते खाली बसले आणि असे हसायला लागले, असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी. "साळू, डोळा माझा न्हवं, हिचा ग्येला हुता!" कार्डाचे चार तुकडे झाले. "परवा शिरवळला जायाचं. कपडं धुवाया काढा. फौरन!"

शिरवळहून ते संध्याकाळच्या एसटीनं आले. पाचातल्या चार मधोमध लागल्या होत्या, नोकरी पक्की. मी विचारलं, "आणि पाचवी?"

"पाचवीला नेम धरला आनि तुझं कुंकू आठवलं. हसू फुटलं की गं! कॅप्टनसाहेब म्हनले, हवालदार, क्या हुआ? आता त्येंला काय सांगू?"

ते शिरवळला राहायला गेले. पंधरा दिवसांनी एकदा यायचे, त्या दिवशी घर पुन्हा सरळ रेषेत उभं राहायचं. गेम आता पूर्ण माझा होता. अकराही खेळ मी संपवले, आणि संध्याकाळी "तैयार!" ऐकू येत नाही म्हणून मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्या खंडेनवमीला ते रजा काढून आले. मी पाटावर सगळं मांडलं. बंदुकीच्या नळीला आधीच चिंधी बांधून ठेवली, दस्त्याला कुंकवाचं एवढंसं बोट. मामंजींनी ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "एक हत्यार कमी हाय."

"कुठलं?"

"तुझं."

मला कळेना. ते आत गेले, दिवाणावरचा माझा रिमोट घेऊन आले, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि कपाटातल्या कपासारखाच जपून कोयत्याशेजारी ठेवला. मग पालथा केला, कोरडं कुंकू चिमटीत घेतलं आणि बरोबर मधोमध लावलं.

"पाठीवर लावलंय," म्हणाले. "बटनांत जायाला नको."