घंगाळाचं इंजिन

मिस्त्री कोणाच्याही घरी गेले आणि पाण्याचा तांब्या पुढे आला, की ते आधी त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक करत, कान जवळ नेऊन ऐकत आणि मगच पाणी पीत. "धातू चांगला हाये," असा शेरा मिळाला की घरातल्या बाईला बरं वाटे. आमच्या तांब्याला पहिल्याच भेटीत "बोदा वाजते" असं ऐकावं लागलं. पुढे पंधरा दिवस माझ्या बायकोने त्यांना पेल्यातूनच पाणी दिलं.

खामगावात तेव्हा सरकी काढायच्या जिनांची धुराडी जागोजाग होती. त्यांतल्या एका जिनात मी आवक-जावक लिहिणारा बाबू आणि मिस्त्री तिथले फिटर. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की उन्हाळ्यापर्यंत त्यांना नाक शिंकरायला फुरसत नसे. पावसाळ्यात मात्र जीन बंद. बाकीचे फिटर त्या दिवसांत आपापल्या गावी शेती बघायला जात. मिस्त्रींना ना शेत, ना पत्त्यांचा नाद, आणि घर आमच्या भिंतीला भिंत लावून. हुशार माणूस रिकामा बसलेला असणं शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती जड जातं, हे तुम्हीही कधीतरी सोसलं असेल.

एका आषाढात त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. "बाबू, मी आगगाडी करून राह्यलो."

"कुठली?"

"जलंब ते खामगाव. दुसरी कोणती हाये आपल्याले?"

मला वाटलं, हे चित्र वगैरे काढत असतील. जाऊन पाहतो तर ओसरीभर रूळ. कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या उभ्या करून ठोकलेल्या, आणि त्यांच्याखाली पराट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, स्लीपर. इंजिनाची चाकं त्यांनी जिनातल्या लेथवर काढली होती आणि सिलिंडर रंगपंचमीच्या पितळी पिचकारीचं होतं. जलंब स्टेशन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणि खामगाव ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. मी सुचवलं, रूळ गोल टाका, म्हणजे गाडी फिरत राहील.

मिस्त्रींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "गोल फिरणाऱ्या गाडीत बसून उतरता कुठं, बाबू?"

मिस्त्रीणबाईंना दिवसातून पन्नासदा ते रूळ ओलांडावे लागत. त्या पाय उचलू लागल्या की हे म्हणायचे, "थांब, फाटक बंद हाये." त्यावर बाई म्हणत, "पोळी करपली त मंग फाटकातच बसून खाजा."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बॉयलरची वेळ आली. बॉयलरला चांगलं तांबं हवं होतं. मिस्त्रींनी घरातलं एकेक भांडं वाजवून पाहिलं आणि सगळ्यांत गोड वाजलं ते आंघोळीचं घंगाळ. हे घंगाळ बाईंच्या थोरल्या भावाने त्यांना लग्नात आंदण दिलेलं. वर रीतसर नाव घातलेलं. बाई श्रावणात चार दिवस बहिणीकडे उंद्रीला गेल्या आणि परत येऊन पाहतात तर घंगाळाची जागा रिकामी, आणि लाकडी घोडीवर एक लांबट बॉयलर. त्याच्या पाठीवर भावाचं अर्धं नाव. उरलेलं अर्धं कापल्या पत्र्याच्या गुंडाळीत होतं.

बाई ओरडल्या नाहीत. पाटावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊबीजेले दादा येते. त्याले आंघोळ कशातून घालू?"

आमच्याकडे भाऊबीजेला बहीण भावाला तेल लावून न्हाऊ घालते. म्हणजे दादा त्या दिवशी घंगाळासमोरच बसणार. मिस्त्रींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "भाऊबीजेपर्यंत गाडी नाही चालली, त हा बॉयलर ठोकून, जोड देऊन, तुह्यं घंगाळ तुले परत करतो. शब्द देल्ला."

"आन् चालली त?"

याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

त्या दिवसापासून बाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. मी भिंतीपलीकडे दाढी करत असलो तरी आवाज यायचा, "बाबूजी, त्यायले सांगा, ताट वाढलं." मिस्त्री माझ्यासमोर मुकाट जेवायला बसत. पहिल्या चाचणीला बॉयलरचा सांधा सुटला आणि कढत पाण्याची धार माझ्या धोतरावर. मिस्त्री म्हणाले, "सांधा सुटला हे बरं झालं, तांबं नाही फाटलं." माझ्या मांडीची चौकशी त्यांनी दुसऱ्या दिवशी केली.

जिनातला मोठा बॉयलर तपासायला नागपूरहून साहेब यायचा. त्या साली तो हातोडीने बॉयलर ठोकत फिरत होता आणि मिस्त्री त्याच्या मागे मागे. मला कुणकुण लागली की हे आपल्या बॉयलरलाही सर्टिफिकेट मागणार. मी त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं. "काऊन? बॉयलर त बॉयलर," असं ते संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गाडी चालली. स्पिरिटचा दिवा पेटला, वाफ धरली, आणि ते वीतभर इंजिन एक डबा ओढत, फुसफुसत जलंबहून निघालं ते थेट खामगावला येऊन थांबलं. मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी इंजिन परत पाठवायला हात घातला आणि गाडी जागची हलेना.

माणसाने जन्मभर जिनाचं इंजिन सांभाळलेलं. ते इंजिन एकाच बाजूला फिरतं, पट्टा ओढतं, त्याला मागे जाण्याचं कारणच पडत नाही. मिस्त्रींनी वाफेची सगळी रचना तशीच एका बाजूची केली होती. आता ती बदलायची म्हणजे सगळं इंजिन उसवायचं, आणि भाऊबीज तोंडावर.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाबूजी, त्यायले विचारा, खामगावाले आलेली बाई माहेरी जाईन कशी?"

बाईंचं माहेर जळगाव जामोद. तिकडे जायचं तर आधी जलंबची गाडी धरायची. मिस्त्रींनी मान खाली घातली. आलेली गाडी परत जात नाही तर ती चालली म्हणायची कशी, हे त्यांनाही पटलं होतं. पुढचे दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. दोनदा इंजिन उघडलं आणि दोनदा होतं तसं बंद केलं.

भाऊबीजेला दादा आले. उंच, कमी बोलणारा माणूस. मोरीत बसले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "घंगाळ कुठं हाये?"

"कल्हईले देलं, दादा," बाई म्हणाल्या.

"आंघोळीच्या घंगाळाले कल्हई?"

बाईंनी पटकन त्यांच्या डोक्यावर तेल थापलं. दादांनी लोखंडी बादलीतल्या पाण्याने आंघोळ केली आणि ओसरीत खामगावच्या टोकाला पाटावर येऊन बसले. बाई उंबऱ्याशी ओवाळणीचं ताट करत होत्या. मिस्त्रींनी डब्यात पानाचा विडा ठेवला आणि दिवा पेटवला. मला वाटतं, त्यांना ती गाडी शेवटची एकदा चालवून घ्यायची होती. हातोडी त्यांनी आधीच जवळ आणून ठेवली होती.

गाडी खामगावला आली. दादांनी विडा उचलला, खाली वाकून बॉयलरच्या पाठीवरचं आपलं अर्धं नाव वाचलं. मग त्यांनी पिशवीतून बहिणीसाठी आणलेल्या खणाची बारीक घडी काढली आणि डब्यात ठेवली.

"पाठवा आता माह्या बहिणीकडे."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

"जात नाही, दादा," मिस्त्री म्हणाले. "एकाच बाजूले चालते. मी शब्द देल्ला हाये, घंगाळ करून देतो." त्यांनी हातोडी उचलली. इतकं कसनुसं झालेलं त्यांचं तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाई ताट ठेवून रुळांच्या कडेने आल्या. पदर दुहेरी करून त्यांनी ते गरम इंजिन उचललं, त्याचं तोंड जलंबकडे केलं, डब्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि आकडा अडकवला. दोन-अडीच महिन्यांनंतर त्या नवऱ्याशी बोलल्या. "तोंड फिरवलं की झालं. इतकं काय जीव खाऊन राह्यले?"

गाडी निघाली. बाई तिच्या बरोबरीने चालत जलंबला गेल्या आणि खण उतरवून घेतला.

"जवाई," दादांनी विचारलं, "माह्या घंगाळात आता पाणी किती मावते?"

"दीड पेला, दादा."

"मंग पुढच्या साली तेवढ्यात तोंड धुईन."

पुढे मिस्त्री मला कितीतरी दिवस सांगत, "जिनाचं इंजन चौथऱ्याले बोल्टानं आवळलेलं असते, बाबू. इंजन उचलून फिरवता येते, हे माह्या डोक्यातच नाही आलं." वाफेची रचना मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. दर भाऊबीजेला गाडी विडा घेऊन यायची, खण घेऊन जायची, आणि मध्ये बाई येऊन तिचं तोंड फिरवायच्या. दरवेळी त्यांचं बोट पोळायचं आणि दरवेळी त्या मिस्त्रींना दोन शब्द सुनवायच्या.

पाच-सहा वर्षांनी एका भादव्यात बाई तापाने गेल्या. भाऊबीजेला काही होणार नाही असं धरून मी चाललो होतो. पण दादा आले. मिस्त्रींनी स्वतः त्यांच्या पाठीला तेल लावलं, अंगावर पाणी घातलं. मग विडा डब्यात ठेवून गाडी सोडली. दादांनी विडा घेतला आणि पिशवीतून खण काढला. त्यांनी यंदाही आणला होता.

खण डब्यात ठेवून दोघे तसेच बसले. मिस्त्रींचा हात इंजिनाकडे जाईना. वाफ कमी होत चालली होती. शेवटी दादा उठले, उपरण्याच्या टोकाने त्यांनी इंजिन उचललं, बोट पोळलं तरी सोडलं नाही, आणि तोंड फिरवून रुळावर ठेवलं. आकडा त्यांना दुसऱ्या खेपेला लागला.

गाडी हळूहळू गेली आणि उंबऱ्याशी थांबली. उतरवून घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

"पोचली," मिस्त्री म्हणाले.

"हाव, पोचली," दादा म्हणाले.

दोघे तिकडेच पाहत बसले. मला ते बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.