चावी मावशीकडे आहे

ठकूमावशी गेल्याची बातमी मला शहापूरच्या बाजारात मिळाली, तीही मी कंटोळी विकणाऱ्या एका बाईशी लटकं भांडत असताना. डोळखांबच्या जीपचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता माझ्याजवळ येऊन उभा राहिला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, कारण हा गृहस्थ एरवी वळणापेक्षा हॉर्नवर जास्त विश्वास ठेवतो. "मावशी गेली, काका. परवा," तो म्हणाला. "सून बोलली, नाटक्याला सांग. त्याची वस्तू हाय, घेऊन जाऊ दे." भर बाजारात पन्नाशी उलटलेल्या माणसाला नाटक्या म्हटल्यावर दोन गिऱ्हाइकं वळून हसली. मीही सवयीनं त्यांना वाकून मुजरा केला... आणि मग वाकल्यावर सरळ होता येईना.

हे नाव मला मावशीनंच ठेवलेलं. आम्ही तेव्हा मुंबईत परळच्या एका गल्लीत, तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. मी दिवसा कारकून आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नट. डोळखांबच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून मावशी दिवसाआड यायची. टोपलीत शेवळं, भारंगी अशा रानभाज्या, करवंदं, मोसमात जे असेल ते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची, "कोणाकडं? जेवलास का?" माझी बायको सुनंदा नोकरीला लागली तेव्हा शाळेतून येणाऱ्या लेकीसाठी चावी कुठं ठेवायची असा पेच पडला. सुनंदानं ती मावशीच्या हातात दिली आणि दारावर चिठ्ठी चिकटवली, 'चावी मावशीकडे आहे.' महिन्याभरात निम्म्या दारांवर तीच चिठ्ठी. मावशी यायची नसे त्या दिवशी चाव्या खालच्या शिंपीणबाईंकडे राहत, पण चिठ्ठी कोणी बदलली नाही.

मावशीला अक्षरओळख नव्हती. चाव्या ओळखायच्या कशा? तिनं प्रत्येक चावीला एकेक वस्तू बांधली. रोज कडाकडा भांडणाऱ्या जोडप्याच्या चावीला सुकी मिरची. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना खडूचा तुकडा. जिच्याकडे पाळणा हलायचा होता तिच्या चावीला लाल गुंज, आणि बाळ झाल्यावर मावशीनं तिथं दुसरी गुंज आपणहून बांधली. माझ्या चावीला काय बांधलंय ते मात्र ती दाखवायची नाही. ती चावी लुगड्याच्या ओच्यात वेगळी, आणि आमच्यापैकी कोणालाही देताना बांधलेलं आधी सोडून घ्यायची. "तुला सांगितलं तर तू त्याचं नाटक करशील," म्हणायची. मी दहा वर्षं तर्क लढवले. सुनंदाचं मत होतं, रिकामा डबा.

सुरक्षा म्हणाल तर तिच्यासारखी पाहिली नाही. एकदा एक टापटीप माणूस आला, म्हणाला, मी नाटक्याच्या बायकोचा भाऊ, चावी द्या. मावशीनं त्याला पायरीवर बसवलं. "बहिणीला कुठली भाजी आवडत नाय, सांग." तो म्हणाला, "कारलं." मावशी उठून उभी राहिली, "ती तर कारलं मागून मागून खाती रे! चल, नीघ!" तो जो पळाला, एक चप्पल तिथंच राहिली. पुढच्या महिन्यात माझा खराखुरा मेव्हणा आला. त्यालाही तोच प्रश्न, त्याचंही उत्तर कारलं. बिचारा सुनंदा येईपर्यंत दोन तास पायरीवर करवंदं खात बसला. अजून आमच्याकडे येताना तो आधी विचारतो, म्हातारी आहे का?

मग गिरण्यांची धुरांडी एकेक करून पडली, गल्लीत काचेच्या इमारती आल्या आणि आमची बिल्डिंगही पाडायला निघाली. दोन-तीन वर्षं आम्ही पांगलो. परत आलो ते टॉवरमध्ये. आम्ही जुने खालच्या मजल्यांवर, नवी मंडळी वर. नवी मंडळी वाईट नव्हती हो. आजूबाजूला दोन घरफोड्या झाल्या होत्या, कोणी कोणाला ओळखत नव्हतं, त्यांना खरोखर भीती वाटत होती. फाटक आलं, गणवेशातला रखवालदार आला, वही आली. नव्या दारांच्या नव्या चाव्याही आल्या. त्या आम्ही कोणी मावशीला दिल्या नाहीत. तसं कोणी ठरवलं नव्हतं... नुसतं झालं.

मावशी मात्र टोपली घेऊन आली आणि फाटकापाशी बसली. तिला बसू द्यायचं का, यावर मीटिंग भरली. मी उभा राहिलो आणि असं भाषण ठोकलं म्हणून सांगू! कारल्याचा किस्सा साभिनय सादर केला. वरच्या मजल्यांवरची माणसंसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसली, टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "छान. मग बसू द्या. फक्त कोणीतरी या कागदावर सही करा, हिची जबाबदारी माझी." कागद टेबलावर होता. माझ्या खिशात पेन होतं. मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मिरचीवाल्या जोडप्याकडे, जोडप्यानं पहिल्यांदाच एकमतानं जमिनीकडे. उद्या काही झालं तर... एवढाच विचार. सतरा घरांची जबाबदारी जिनं कुठल्याही कागदाशिवाय घेतली, तिची एकानंही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी रखवालदारानं तिला उठवलं. मी खिडकीतून पाहिलं. टोपली डोक्यावर घेताना तिनं त्याला काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही, पण तो ओशाळून मान हलवताना दिसला. जेवलास का, असंच विचारलं असणार.

पुढं टॉवरचा दरमहा खर्च आम्हालाही झेपेना. घर विकून शहापुरात आलो आणि आधी भाड्याची जागा पाहिली. मालक इथलेच जुने शेतकरी. सभ्य, पण सावध. "मुंबईची लोकं फार यायला लागलीत," ते म्हणाले. "पूर्वी आमी दारं लावत नव्हतो, आता लावतो. तुमाला इथं ओळखतं कोण?" मी भाषणासाठी घसा खाकरला, एवढ्यात सुनंदा म्हणाली, बाजारात कोणी ओळखीचं भेटतं का बघून येते. अर्ध्या तासानं ती परतली ती मावशीला घेऊन. मला बघून मावशी कमरेवर हात ठेवून हसली, "काय रे नाटक्या, तुलाबी उठवला?" मग मालकांकडे वळून, "माजा मानूस हाय. बोलतो लय, चोरी करायला टाइम कुठं त्याला! अंगठा कुठं लावू?"

तिनं अंगठा लावला. तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा माझ्यानं राहवेना. म्हटलं, मावशी, त्या दिवशी सही... माझ्याकडे पेन होतं. ती टोपली सावरत म्हणाली, "चालत नसंल रे. पावसाळ्याचे दिस, पेनं बिघडतात." आणि पाच पावलांवर वळून, "आता जपून वाग हां. अंगठा माजा हाय!"

गेल्या आठवड्यात पाड्यावर गेलो. सून दारात भात पाखडत होती. तिनं खुंटीवरून चाव्यांचा जुडगा काढून दिला. मिरचीचं नुसतं देठ उरलं होतं, खडू झिजला होता, दोन्ही गुंजा मात्र लालभडक. मी म्हटलं, "अगं, ही दारंच राहिली नाहीत, मावशीनं हे कशाला ठेवलं?" सून म्हणाली, "आमी पण बोललो, टाकून दे. तर बोलायची, परत मागाया कोण आलं नाय, मंग टाकू कशी?" शेवटी माझी चावी. तिला एक घुंगरू बांधलेलं होतं. पितळी, साधं, बैलाच्या माळेतलं.

आता जुडगा आमच्या शहापूरच्या दारामागे टांगलाय. शेजारी नुकतंच एक बिऱ्हाड आलंय, दोघं नोकरीला. परवा ती मुलगी चावी घेऊन दारात उभी राहिली, लाजत म्हणाली, "ठेवाल का? ओळख नाही म्हणा अजून..." मी दार सताड उघडलं, तसं मागे घुंगरू वाजलं. सुनंदा आतून काही म्हणायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का?"