समक्ष भेटा

ही गोष्ट मी ह्यांना कधी पूर्ण सांगितली नाही. अर्धी सांगितली, आणि तेवढीच आमच्या घरात खरी होऊन बसली.

नव्वदीची सुरुवात होती. आम्ही जळगावला एका कॉलनीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. लग्नाला चार वर्षं झालेली. ह्यांची बदली धुळ्याला झाली. क्वार्टर मिळेपर्यंत हे सोमवारी सकाळी एसटीनं जायचे आणि शनिवारी संध्याकाळी यायचे. मधले दिवस मी एकटी. क्वार्टर लहान होतं, त्यात माझी पायमशीन मावणार नव्हती. माहेरहून आलेली, बिडाच्या पायांची, दोघांशिवाय न हलणारी. ह्यांनीच पेपरात छोटी जाहिरात दिली : 'पायमशीन विकणे आहे. चालू स्थितीत. ११ ते ५ समक्ष भेटा.' खाली पत्ता. फोन तेव्हा आमच्याकडे कुठला! आणि जाताना मला बजावलं, "अनोळखी माणसाला आत घेऊ नकोस."

मी हो म्हटलं. मशीन आतल्या खोलीत, मग बघायला आलेल्याला जिन्यात उभं करून काय दाखवणार, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात एक बाई आली. तिनं चाक दोनदा फिरवलं, चहा घेतला, माझे पडदे कुठून आणले ते विचारलं आणि "मालकांना विचारून सांगते" म्हणून गेली ती गेलीच. दुसरीनं घासाघीस करत भाव खूप खाली आणला आणि मग म्हणाली, "स्टूल त्यातच ना?" मी हो म्हटलं. "आणि कात्री?" एक गृहस्थ मशीनच्या बदल्यात टेबलफॅन द्यायला निघाले होते. चालतो का विचारलं, तर म्हणाले, "थापट मारली का चालतो." शनिवारी ह्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा हे खूप हसले. फक्त सांगताना मी त्या पंखेवाल्या गृहस्थांची बाई करून टाकली होती. पुरुष घरात येऊन गेला हे तोंडातून निघेना.

तो पुढच्या मंगळवारी आला. तिशीचा, सडपातळ, अंगावर डाळीची पिवळी पूड. डाळ मिलमध्ये हमाली करत असावा. "ताई, मशीन देखाले उनू," म्हणाला. बोली पारोळ्याकडची. माझं माहेर जामनेरकडचं, त्यामुळे मला ती कळायची, पण पुरती नाही. चपला बाहेर काढून आत आला. स्टुलावर बसला, डावा पाय वर उचलून धरला आणि नुसत्या उजव्या पायानं मशीनचं पायडल हलवायला लागला.

"एका पायवर चालस का, ताई?"

असला प्रश्न मशीनबद्दल कोणी विचारतं का? मी म्हटलं, "दोन पाय दिलेत ना देवानं?" तो हसला नाही. भाव कमी करा म्हणाला, मी थोडा केला. आणखी करा म्हणाला. मग म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी खरंच आला. पिशवीत चिंध्या होत्या. मऊ मलमल, मांजरपाट, गोधडीचा जाड तुकडा. "यावर टीप मारी द्या ना." मी मारून दिली. त्यानं प्रत्येक तुकडा उलटासुलटा करून बघितला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. घासाघीस पुन्हा पहिल्यापासून. उठताना विचारलं, "साहेब कधी येतात?"

तो प्रश्न मला झोंबला. मी "येतीलच आता" म्हटलं. तो गेल्यावर कडी लावली, आणि कडी लागली का ते पुन्हा उठून बघितलं.

शुक्रवारी सुतळी घेऊन आला. मशीनची लांबी-रुंदी मोजली, सुतळीला गाठी मारल्या. मग आमचं दार मोजलं. मग जिना वरून खालपर्यंत निरखला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लाटणं हातात धरून उभी होते. लाटायला काहीही नव्हतं.

त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेले. तिथल्या एसटीडी बूथमध्ये तो पाठमोरा उभा. ओरडून बोलत होता, लाइन खराब असावी. "घरमा बाई एकलीच ऱ्हास," तो म्हणाला. "मी बठ्ठं देखी लिधं शे. सोमवारले..." पुढचं एका मोटारसायकलच्या आवाजात बुडालं.

बठ्ठं म्हणजे सगळं. बाई घरात एकटीच असते आणि त्यानं सगळं बघून घेतलंय, एवढं मला कळत होतं. उरलेले सुटे पैसे न घेताच मी घरी आले.

शनिवारी हे आले. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी पहिलं विचारलं असतं, "तीनदा आत घेतलंस?" दोन रात्री मी जागी होते आणि हे शेजारी घोरत होते. सोमवारी ह्यांची एसटी सुटली असेल एवढ्या वेळानं मी खाली राहणाऱ्या नानांकडे गेले. नाना रिटायर झालेले, कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. घडलं ते सांगितलं. चिंध्या, सुतळी, फोन. नानांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सूनबाई, त्यानं काही केलं का? अंगाला हात वगैरे?"

मी मान खाली घातली.

आमच्याकडे बाईनं अशी मान खाली घातली की पुढं कोणी विचारत नाही. उत्तर मिळालं असं धरतात. हे मला माहीत होतं. तरी घातली. नुसत्या चिंध्या आणि सुतळीवर कोणी माझ्यासाठी धावून येईल असं वाटलं नाही. त्यानं मला हात लावला नव्हता. माझ्यापासून चार हात लांब उभा राहायचा तो.

बाराच्या सुमाराला तो जिना चढायला लागला आणि खाली नानांनी जमवलेल्या माणसांचा गलका झाला. मी दाराआड उभी.

"मशीन घेतो म्हणे! काय शिवतो रे, परकर?"

"चार वेळा बघतो का मशीन? मशीन बघतो का बाई बघतो?"

मग फटके. कोणाचा तरी हात भिंतीवर आपटल्याचा आवाज. आणि त्याचा आवाज, वर माझ्या दाराकडे तोंड करून : "ताई, सांगा ना यास्ले! मी मशीन देखाले येस ना!"

दार माझ्यापासून हातभर होतं. मी उघडलं नाही.

"पोलीस नको," नाना म्हणाले. "बाईमाणसाचं नाव येतं. सोडा, पुन्हा यायचा नाही." तो फाटकाबाहेर पडल्याचं कळलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. बूथच्या पायरीवर एक बाई बसली होती. ती भिंतीला धरून उठली आणि त्याच्याकडे धावू लागली. धावता येत नव्हतं तिला. डावा पाय बारीक होता, मागून ओढत येत होता.

माझ्या डोळ्यांसमोर त्यानं मशीनवर उचलून धरलेला डावा पाय आला.

बुधवारी दुपारी दार वाजलं. तीच होती, एकटी. आत ये म्हटलं तरी आली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"फोनवर मालेच बोलत व्हता तो," म्हणाली. "घरमा बाई एकलीच ऱ्हास, माले एकट्याले जावाले बरं वाटत नही, सोमवारले तू बी संगे चाल, म्हने. म्हनीसन मी गावहून उनू. पाय दुखाले लागना म्हनीसन पायरीवर बसनू, तो पुढे उना."



"मिलमा बठ्ठासले समजनं. माना भाऊ म्हनस, माहेरले चाल, अशा मानूसना घर ऱ्हावानं नही." मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमी सांगशात ते मी खरं मानसू. त्यानी तुमले हात लावा का?"

तिला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द नानांपर्यंत गेला असता, कॉलनीत गेला असता, शनिवारी ह्यांच्यापर्यंत आला असता. हिनं खोटं बोलून माणसाला मार खायला लावला, आणि त्याआधी त्याला तीनदा घरात घेतलं, असं झालं असतं. माझं संसारातलं पाऊल कितीसं पक्कं होतं तेव्हा! मला तिची भीती नव्हती वाटत, मला सगळ्यांची वाटत होती.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "झालं ते झालं."

तिनं चौकटीवरचा हात काढला. "म्हंजे लावा," म्हणाली.

मी तिला नाही म्हटलं नाही.

ती जिना उतरायला लागली. एकेका पायरीवर आधी चांगला पाय, मग हातानं उचलून दुसरा. हाक मारायला मला भरपूर वेळ होता. खाली अंगणात नाना खुर्ची टाकून बसले होते. "काय गं, कोणाकडे आली होतीस?" त्यांनी विचारलं.

मी दाराआड सरकले. आता ही सांगणार, आणि नाना मला खाली बोलावणार.

"कोनाकडे नही," ती म्हणाली, आणि फाटकातून निघून गेली.

तिनं माझं नाव घेतलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. तिचं घर राहिलं का मोडलं, मी कधी चौकशी केली नाही. त्या हायसं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.