व्हीलचेअरचा मानकरी

पनवेलच्या सेवाभावी क्लबात मी शिरलो त्याच दिवशी एसटी स्टँडसमोर व्हीलचेअर वाटप होतं. बॅनर लागला, फोटोग्राफर आला. ज्यांना खुर्ची द्यायची ते आजोबाच आले नाहीत. अध्यक्षांनी स्टँडवरच्या रिक्षांच्या रांगेतला एक रिक्षावाला धरून आणला. त्यानं खुर्चीत बसून पाय तिरपे केले, गुडघ्यांवर टॉवेल पसरला आणि विचारलं, "सायेब, तोंड कसा करू? खुर्ची मिलायच्या आधीचा का नंतरचा?"

"नंतरचं," अध्यक्ष म्हणाले.

तो असा कृतज्ञ हसला की माझेच डोळे पाणावले. आम्ही सगळ्यांनी खुर्चीला हात लावले. फोटो निघाला.

"तळोजाला येणार का?" मागून गिऱ्हाईकानं विचारलं. तो टुणकन उठून पळाला.

आमची सेवा इतक्या झटकन लागू पडलेली मी पुन्हा पाहिली नाही.