आधी मासे

अज्जांना, तुमच्या आजोबांना, समाधीत बसवताना तुम्ही दोघं नातवंडं तिकडून परदेशातून फोनच्या पडद्यावर पाहत होतात. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. त्यासाठी विधी करणाऱ्या जंगमांनी त्यांचा हात उताणा केला, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा तो पांढरा, वाकडा व्रण उन्हात लख्ख दिसला. "आजी, हे काय झालं होतं?" असं अक्षता, तू विचारलंस, तेव्हा अज्जांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, माझ्या हातातला फोनच ओढून घेतला. "बैलानं शिंग मारल्तं गं बाई," त्या म्हणाल्या. इथे औरादमध्ये सगळ्यांना हेच ठाऊक आहे, कारण अज्जा हेच सांगत आले. खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी काय बोलणार? आता पाहुणे पांगले आहेत, घर शांत आहे... म्हणून लिहिते.

घरात माशांची एक काचपेटी होती, तुमच्या पप्पाची. कॉलेजात असताना त्यानं ती उदगीरहून मांडीवर धरून आणली होती. "लिंगायताच्या घरात मासे! उद्या कढईबी चढीव," असं अक्का म्हणाल्या होत्या. पुढे त्यानं परदेशी शिकायला जायचं ठरवलं. अज्जांना मुलगा शेतावर हवा होता. निघायच्या दिवशी त्यांनी त्याला अंगणात कासऱ्यानं झोडपलं; पाठीवर वळ घेऊनच तो विमानात बसला. "ह्या घरात त्याचं नाव निघायचं न्हाई," असं मला बजावलं, आणि नाव निघालं की त्यांचा हात उठे. त्याचे कपडे त्यांनी वाटून टाकले, पुस्तकं रद्दीत दिली. पेटीतले गप्पी मासे तेवढे राहिले. माझ्या मुलाचं जिवंत असं एवढंच घरात उरलं होतं, आणि ते मी जाऊ देणार नव्हते.

चूक झाली ती पेटी ठेवण्यात. आपल्याकडे काहीही मांडायचं तर शहाबादी फरशी. मीही पेटीसाठी भिंतीत फळीसारखी शहाबादीच बसवून घेतली होती. पण ती फरशी वरून कधीच एकसारखी सपाट नसते, आणि खाली काही न अंथरता मी काचेचं ओझं तिच्यावर ठेवलं. एका कोपऱ्याला सतत ताण पडून तिथला सांधा उकलला. खाली पेरणीसाठी निवडून ठेवलेल्या सोयाबीनची पोती होती. पाणी भिंतीला धरून गुपचूप उतरत राहिलं. मी पोत्यात हात घातला तेव्हा बी फुगून मऊ झालं होतं. काय करायचं ते मला माहीत होतं: मासे बादलीत काढायचे, पेटी रिकामी करून सांधा खडखडीत वाळवायचा, जुना थर खरवडून नवीन सिलिकॉन भरायचं. मी बादली आणायला वळले आणि अज्जा शेतावरून आले.

त्यांनी फुगलेलं बी मुठीत घेतलं आणि तीच मूठ माझ्या तोंडावर मारली. "त्यो गेला, अन् त्याचं पाणी माझी पेरणी बुडवायलंय!" दाराआडची पहार त्यांनी उचलली. मी पेटीपुढे उभी राहिले. "आधी मला मारा," म्हटलं. त्यांनी दंड धरून मला चौकटीवर आपटलं. माझ्या कपाळातून रक्त आलं, ते त्यांना दिसलं, तरी हात थांबला नाही. पहार काचेत घुसली. पाण्याचा लोंढा पायांवर आला, आणि वरची अडकलेली काच सुटून त्यांच्या हातावर उतरली. मांस उघडं पडलं. फरशीवर पाणी लाल झालं आणि त्या लाल पाण्यात मासे तडफडत होते. अज्जा भिंतीला टेकून खाली बसले. मी पदराची खोळ केली आणि मासे वेचू लागले.

"अगं, मी मरायलोय अन् तू मासे येचायलीस?"

"व्हय. आधी मासे."

हात वर धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मी हाताला लागले तेवढे मासे म्हशींच्या हौदात सोडले, मग लुगडं फाडून त्यांचा हात आवळला. टाके घालताना डॉक्टरांनी आधी माझं कपाळ पाहिलं, मग त्यांचा हात. अज्जा म्हणाले, "बैल उधळला." मी पदर कपाळावर ओढला.

त्यानंतर त्यांनी मला मारलं नाही असं मी लिहिणार नाही. पण हौदाला चुना लावायला निघालेल्या गड्याला त्यांनी चाबकानं पळवलं, आणि माशांवर टपलेल्या बगळ्याला दगडानं पाडलं. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ते तुम्हाला हाताला धरून हौदाशी घेऊन गेले. पप्पा ओट्यावर उभा राहून बघत होता. त्याच्याशी ते तेव्हाही बोलले नाहीत, शेवटपर्यंत बोलले नाहीत.

म्हशी पाण्यावर आणल्या की अज्जा हौदाच्या कडेवर थाप मारत. मासे तळाशी जात, म्हशीच्या तोंडात येत नसत; मगच ते दावं सैल सोडत. काल नव्या गड्यानं म्हैस थेट हौदाकडे नेली. "थांब रे!" म्हणत मी धावले आणि कडेवर हात मारला. मासे हलले नाहीत. पुन्हा मारला.

"आज्जी, जरा जोरात मारा की," गडी म्हणाला.

मग मी सगळा जोर लावून मारला. तळहात झणझणला, आणि मासे खाली गेले.