शिट्टी नसलेला कुकर

मी आज जो काही आहे तो चौधरी सरांमुळे आहे, आणि त्यांनाच मी त्या रविवारी जवळजवळ उपाशी ठेवलं.

मी फोपनार गावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. बुऱ्हाणपुरात शिकत होतो तेव्हा माझा संध्याकाळचा डबा सरांच्या घरून यायचा. आता सर एकटे असतात. मोठ्या तापातून उठले, डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलं, पण तोंडाची चव काही परत येईना. इंदूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला, "दादा, बाबा ताट नुसतं सरकवून देतात. काहीतरी करा."

मी लगेच म्हणालो, "मी करतो." (सुनीता, म्हणजे माझी बायको, तेव्हाच हसली होती. मी लक्ष दिलं नाही.)

माझ्या मेव्हण्याने वास्तुशांतीला दिलेला एक स्लो कुकर माळ्यावर खोक्यातच होता. मोबाइलवर कृती सापडली: चिकन नूडल सूप, अगदी सोपं. सगळं भांड्यात घाला, बटण दाबा, विसरून जा. आजाऱ्यांसाठी उत्तम. रविवारी संध्याकाळी सरांना जेवायला बोलावून टाकलं.

आमच्याकडे देव्हारा स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे कोंबडी शिजते ती मागच्या अंगणात, चुलीवर. साहजिकच कुकरही अंगणात गेला. तिथे प्लग एकच. रविवारी सकाळी मी कोंबडी, गाजर, मिरी, पाणी घालून बटण दाबलं.

आई येऊन बघत उभी राहिली. "किती शिट्ट्या घ्यायच्या?"

"याला शिट्टी नसते, आई."

"मंग कळते कसं?"

"आठ तासांनी होतं."

"आठ तास?" आईने झाकण उचललं. "कोंबडी हाये का दगड?"

"झाकण उघडायचं नाही! वाफ जाते."

"वाफ हाये कुठं जायले?"

यानंतर आई दर थोड्या वेळाने वाफ आली का ते बघायला झाकण उघडू लागली, आणि ती उघडते म्हणूनच वाफ येईना. हे मी तिला विज्ञानाच्या आधाराने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि झाकण उघडलं.

दुपारी सरांचा फोन आला. मी आत बसून त्यांना मंद आचेचे फायदे सांगत असताना गल्लीत कोणीतरी ओरडलं, "नळ आले!" फोन ठेवून बाहेर येतो तर पाण्याची मोटर घरघरत होती आणि कुकरची वायर जमिनीवर पडलेली.

"सुनीता, प्लग कोणी काढला?"

"मी. नळ एक दिवसाआड येतात. तुमचं सूप थांबेल, नळ नाही थांबत."

टाकी भरली, प्लग परत लागला. संध्याकाळी सरांना आणायला स्कूटर काढली, तेव्हा पाणी आंघोळीला बरं इतपत तापलं होतं. कृतीत नूडल्स शेवटी घालायच्या होत्या. घड्याळाप्रमाणे हाच शेवट होता, म्हणून मी पाकीट ओतलं.

"अहो, पाणी कोमट आहे," सुनीता म्हणाली.

"कृतीत लिहिलंय," मी म्हणालो आणि निघालो.

सरांना मागे बसवून आमच्या गल्लीत वळलो, आणि काळ्या मसाल्याचा असा भपका आला की सर तिथेच दोनदा शिंकले. अंगणात चूल पेटलेली. कुकर रिकामा, पालथा. पातेल्यात लालभडक रस्सा रटरटत होता.

"आई, हे काय केलंस?"

"तुह्या शेवयांची खळ झाली होती. पतंग चिकटवायले देतो का सरायले?" ती म्हणाली. "कांदा-खोबरं भाजलं, मसाला टाकला. घट्ट मात्र झकास झालं, बरं का."

मी सरांपुढे वाटी ठेवली. माफी कोणत्या शब्दांत मागावी याची मनात जुळवाजुळव चालली होती. त्यांनी पहिला घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कान लाल झाले.

"पाणी," सर म्हणाले.

मी धावलो. तांब्या घेऊन आलो तोवर वाटी कोरडी झाली होती.

"आणि भाकरी," सर आईला म्हणाले. "वहिनी, अजून थोडं वाढा. क्या बात है. यालाच सूप म्हणतात होय रे?"

"हो, सर."

"मला कृती लिहून पाठव. फोनवर सांगू नको, शुद्धलेखन तपासता येत नाही."

सरांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. दुसऱ्याच दिवशी पत्र टाकलं:

"आदरणीय सर,
सा. न. वि. वि.
सूपची कृती अशी. कोंबडी, गाजर, मिरी आणि पाणी कुकरात घालावं व प्लग लावावा. नळ येण्याची वाट पाहावी. कोमट पाण्यात नूडल्स सोडाव्यात आणि ताबडतोब घराबाहेर पडावं. माझं काम इथे संपतं. चव त्यानंतर येते.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी.

ता. क. आईने पुढच्या रविवारी पुन्हा जेवायला बोलावलं आहे. निर्धास्त यावं. त्या दिवशी मी घरी नाही."